आवाज आढळला नाही

गाडी ऐकायला बसण्यापूर्वी वैद्यबुवा चार गोष्टी करत, आणि सव्वीस वर्षांत त्यांचा क्रम बदललेला नव्हता. रेडिओ बंद, पंखा बंद, चारही काचा वर, आणि शेवटी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात. त्याची टिकटिक मध्ये लुडबुडते असं त्यांचं म्हणणं होतं. मग स्टिअरिंगवर दोन बोटं टेकवून ते निघत. नाडी पाहावी तशी ते गाडी पाहतात म्हणून वर्कशॉपने त्यांना हे नाव दिलं होतं. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

त्यांचं काम अंतिम तपासनिसाचं. गाड्या विकणाऱ्या एका मोठ्या दालनाच्या मागच्या अंगाला हे वर्कशॉप होतं. दुरुस्त झालेली गाडी मालकाच्या हाती जाण्याआधी, आणि वॉरंटीचा कुठलाही दावा कंपनीकडे रवाना होण्याआधी, कागदावर त्यांची सही लागे. सहीच्या वर ते फार लिहीत नसत. ‘आवाज आढळला’ किंवा ‘आवाज आढळला नाही’. या दोन वाक्यांवर कितीतरी इंजिनं बदलली गेली होती आणि कितीतरी मालक हिरमुसले होऊन परत गेले होते. त्यांचा एकही अहवाल आजवर उलटला नव्हता. हे त्यांनी स्वतः कधी बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या कोणी बोलून दाखवलं, तर थांबवलंही नाही.

ती नवी हॅचबॅक वर्कशॉपात पहिल्यांदा आली, तेव्हा जो तो हातातलं काम टाकून तिच्याभोवती जमला. पाच दारांची, आखूड, बाहेरून भाजी आणायला न्यावी अशी साधी. पण बॉनेटखाली टर्बो लावलेलं असं इंजिन, की तिच्या दुप्पट आकाराच्या गाड्यांनी वाट सोडावी. पुढचीच चाकं तिला ओढणार आणि पुढचीच वळवणार. एवढी ताकद एकाच जोडीवर टाकली की स्टिअरिंग हातातून निसटू पाहतं, म्हणून दोन चाकांत ताकदीची वाटणी करणारा खास डिफरन्शिअल तिला दिलेला. “दिसायला शेजारच्या काकू, धावायला भलतंच,” असं रंगकाम करणारा म्हणाला आणि सगळे हसले. वैद्यबुवाही हसले. माहितीपुस्तिकेच्या एकशे बेचाळिसाव्या पानावर लिहिलेलं एक कलम मात्र कोणीच वाचलं नाही. वैद्यबुवांनीही नाही. वाचून गाडी कळते यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

या गाडीची पहिली तक्रार घेऊन आल्या त्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी समोरच्याने नीट उभं राहावं असं वाटायला लावणारा आवाज शाबूत होता. हातात पुठ्ठ्याच्या बांधणीची वही. वहीत गाडी घेतल्या दिवसापासूनचा प्रत्येक प्रवास, अंतर, हवा आणि शेरा.

“दोन हजार शंभर किलोमीटर झालेत,” बाई म्हणाल्या. “पहिले पंधराशे मी चार हजार आरपीएमच्या वर नेलेली नाही. पुस्तिकेत सांगितलंय तसंच. आणि आता टकटक येते. हलक्या पायाने चालवताना.”

“रेडिओ चालू होता का?”

“मी रेडिओ लावत नाही.”

वैद्यबुवांना बाई आवडल्या. तरी त्यांनी विचारलंच, “बाई, राग मानू नका, पण तुम्ही ही गाडी का घेतली?”

“तीस वर्षं फळ्यावर त्वरण शिकवलं,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, एकदा पाठीला जाणवू दे. आणि बहिणीची चाकाची खुर्ची घडी करून मागे मावते. दोन्ही कारणं खरी आहेत. हवं ते लिहा.”

वैद्यबुवांनी आपल्या चार गोष्टी केल्या आणि गाडी रस्त्यावर काढली. सहा किलोमीटर, तिसऱ्या गिअरात, चौथ्या गिअरात, चढावर, उतारावर. इंजिन घुमत होतं. भरदार आणि एकसंध, ताणलेल्या तारेसारखं. टकटक कुठेच नव्हती. परत येऊन त्यांनी लिहिलं: आवाज आढळला नाही. खाली सही.

बाईंनी कागद दोनदा वाचला. “मला येतो ऐकू.”

“नव्या गाडीत मन सारखं आवाजाकडेच असतं, बाई. महिनाभराने तो येईनासा होतो.”

“गाडीतून, की मनातून?” बाईंनी विचारलं, पण कागद घडी करून वहीत ठेवला आणि गेल्या.

महिनाभर थांबायची वेळ आली नाही. चोविसाव्या दिवशी बाई परत आल्या, आणि या वेळी गाडी अंगणात शिरताना वैद्यबुवा फाटकाशीच उभे होते. फाटकापासून आतपर्यंत उंच विटांची भिंत होती. गाडी भिंतीला समांतर आली, काच खाली होती, आणि भिंतीवर आपटून परत आलेली टकटक त्यांना साफ ऐकू आली. हलक्या पायावर येणारी, वेग धरला की विरणारी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. यात दुसरं काही असूच शकत नव्हतं.

त्यांनी गाडी वर घेतली, ऑइल फिल्टर काढला, कापला आणि आतला कागद उन्हात धरला. घडीघडीत तांबूस चमक होती. बेअरिंग झिजून तेलात उतरलं होतं. इंजिन गेल्यात जमा होतं.

“दावा पुन्हा पाठवतो,” ते बाईंना म्हणाले. “या वेळी अडचण येणार नाही.”

अडचण आठव्या दिवशी आली. कंपनीने गाडीच्या मेंदूतली, म्हणजे आतल्या संगणकातली, नोंद मागवून घेतली होती. त्यात होतं, की वैद्यबुवांच्या तपासणीनंतर अकराव्या दिवशी इंजिनाने कमाल मर्यादेची लाल रेघ ओलांडून सात हजार चारशे आरपीएम गाठले होते. एक पूर्णांक चार सेकंद. कंपनीचं उत्तर मोजून तीन ओळींचं होतं. तपासणीच्या दिवशी इंजिन निर्दोष होतं, तसा आपल्याच तपासनिसाचा अहवाल आहे. त्यानंतर मालकाने इंजिनावर मर्यादेबाहेर ताण दिला. सबब दावा नामंजूर.

हे उत्तर बाईंना सांगायचं काम व्यवस्थापकाचं होतं. वर्कशॉप त्यांना साहेब म्हणे, आणि ते वैद्यबुवांना आजही ‘अहो’ म्हणत, कारण पाना कसा धरायचा हे ते त्यांच्याकडेच शिकले होते. साहेबांच्या काचेच्या खोलीत बाई सरळ पाठीने बसल्या होत्या.

“हे तुमच्या हातून झालंय का, मॅडम?” साहेबांनी विचारलं.

वैद्यबुवांना वाटलं, आता बाई नाही म्हणतील. सव्वीस वर्षांत या प्रश्नाला त्यांनी एवढंच उत्तर ऐकलं होतं.

“झालंय,” बाई म्हणाल्या आणि वहीचं पान उघडलं. “बुधवारी. पाचव्यातून चौथ्यात टाकायचं होतं, दुसऱ्यात पडलं. क्लच लगेच दाबला. इथे लिहिलंय. पण टकटक त्याच्या आधीची आहे. तीही इथे लिहिली आहे, मागच्या पानावर.”

“वही पुरावा होत नाही, मॅडम.”

“मग गाडीची नोंद कशी होते? तीही वहीच. फरक इतकाच, की ती माझ्या गाडीत असून मला वाचता येत नाही. गाडी माझी आहे ना?”

साहेबांनी मान हलवली. होकाराची की खेदाची, ते कळलं नाही. “गाडी तुमची. नोंद कंपनीची.”

“आणि आवाज?” बाई आता वैद्यबुवांकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. “एवढंच सांगा. तुम्ही तो कुठे बसून ऐकलात?”

“आत बसून. काचा बंद करून. नेहमी तसंच ऐकतो.”

“मी बाहेरून ऐकला होता,” बाई म्हणाल्या. “काच खाली करून, भिंतीजवळून जाताना. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला वाटलं, तुम्हाला ते सांगायची गरज नसावी.”

त्या संध्याकाळी वैद्यबुवांनी माहितीपुस्तिका घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. एकशे बेचाळिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. या गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून भरून काढला जातो, आणि छतातले मायक्रोफोन नको ते आवाज टिपून त्यांच्यावर उलटा आवाज सोडतात. काचा बंद असताना ही व्यवस्था सर्वांत प्रभावी ठरते. रेडिओ बंद केल्याने ती बंद होत नाही.

त्यांची बायको पलीकडे शिलाई मशीनवर बसली होती. घरातली ती खोली तिचं दुकानच होतं. शाळांचे गणवेश शिवून द्यायची. त्यांनी ते पान तिला वाचून दाखवलं.

“म्हणजे गाडी गाणं म्हणत होती आणि तुम्ही दाद देऊन आलात,” ती म्हणाली.

“चेष्टा नको. माझ्या सहीमुळे त्या बाईंचं इंजिन गेलं.”

“मग सही बदला.”

“एवढं सोपं नाही ते. सगळं स्पीकरने केलं असेल, तर गोष्ट वेगळी.”

बायकोने मशीनचं चाक हाताने थांबवलं. “आणि नसेल केलं तर? दोन वर्षं मी सांगतेय, टीव्ही खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. तुम्ही म्हणता, टीव्हीच जुना झालाय.”

वैद्यबुवांनी पुस्तिका मिटली. अंतिम तपासनिसाची खुर्ची कानावर उभी होती. कान गेला तर सही गेली, आणि निवृत्तीला अजून चार वर्षं होती. पण त्या क्षणी त्यांच्या मनात खुर्ची नव्हती. आजवर ‘आढळला नाही’ लिहिलेल्या गाड्या एकामागून एक डोळ्यांपुढून सरकत होत्या, आणि त्यांतल्या चुकलेल्या कुठून मोजायच्या, हे त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना फोन करून स्पीकरचं सांगितलं. बाईंनी विचारलं, “म्हणजे मला आवडलेला तो आवाज खोटा?”

“खोटा नाही. नटवलेला.”

“हं. आणि तुम्हाला त्याच्यामुळेच ऐकू आलं नाही, हे कशावरून?”

हाच प्रश्न ते स्वतःला विचारत होते; दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर तो जास्त बोचला. “तेच तपासायचंय,” ते म्हणाले. “गाडी जागेवर उभी ठेवून. चाक फिरवायचं नाही. इंजिनावर ताण नको.”

तपासणीची रीत बाईंनी आखली, आणि ती इतकी कडक होती की साहेबही बघायला आले. एकूण बारा खेपा. सहा खेपांना स्पीकरच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज जागेवर, सहांना काढलेला. कुठली खेप कुठली, हे बाई चिठ्ठी उचलून ठरवणार आणि फ्यूज स्वतः हाताळणार. ऐकणाऱ्यांनी तोवर पाठ करून उभं राहायचं. फ्यूज काढला की घुमणं कमी होतं, ते ओळखून कोणी अंदाज बांधू नये म्हणून टकटक ऐकू आली तर ती बोटाने मांडीवर तिच्याच तालात वाजवून दाखवायची. ताल जुळला तरच ‘हो’. प्रत्येक खेप आठ सेकंदांची. ऐकणारे दोन: वैद्यबुवा आणि त्यांची बायको.

“मला काय कळतंय गाडीतलं?” बायको म्हणाली होती.

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कळत नाही, पण ऐकू येतं.”

रविवार होता. वर्कशॉप रिकामं, शटर अर्धं वर, फरशीवर कालच्या तेलाच्या डागांवर भुसा टाकलेला. नवरा-बायको आळीपाळीने आत बसले. एक आत असताना दुसऱ्याने बाहेर फाटकापर्यंत जायचं, असाही नियम होता. बाई शेजारी बसून मांडीवरच्या बोटांकडे बघत आणि कागदावर खूण करत. आठव्या खेपेनंतर वैद्यबुवांच्या कपाळावर घाम होता. ते इतकं लक्ष देऊन ऐकत होते की स्वतःचा श्वास त्यांना मोठा वाटत होता; त्या श्वासापलीकडे मात्र इंजिन पहिल्या दिवसासारखंच एकसंध होतं.

निकाल बाईंनी बॉनेटवर कागद ठेवून वाचला. फ्यूज जागेवर असताना बायकोने सहापैकी दोनदा आवाज ओळखला. वैद्यबुवांनी एकदाही नाही. फ्यूज काढल्यावर बायकोने सहाच्या सहा; वैद्यबुवांनी एकदा.

“सहापैकी एक म्हणजे नुसता अंदाजही असू शकतो,” बाई म्हणाल्या, आणि मग बहुधा आपण वर्गात नाही हे आठवून थांबल्या.

“कसा होता गं आवाज?” वैद्यबुवांनी बायकोला विचारलं.

“शटल सैल झाल्यावर माझी मशीन करते तसा.” ती खाली बघत होती. “स्पष्ट होता हो.”

साहेबांनी घसा खाकरला आणि वैद्यबुवांना बाजूला, हवा भरायच्या यंत्रापाशी नेलं. “ऐका. फ्यूज काढला की तुमच्या मिसेसना कायम ऐकू येतं आणि लावला की बुडतं. हे पुरेसं आहे. स्पीकरमुळे तपासणीत दोष लपला, एवढंच लिहा. बाईंना इंजिन मिळेल. तुमच्याबद्दल लिहायची गरजच नाही. कोण विचारतंय?”

“हे खरं आहे.”

“मग झालं तर!”

“पण हे सगळं नाही.”

“अहो, सगळं कोण लिहितं?” साहेबांच्या आवाजात विनवणी होती. “तुम्ही ते लिहिलंत की मला तुम्हाला कानाच्या तपासणीला पाठवावं लागेल. तोवर तुमची सही थांबेल. मी थांबवायची ती! कळतंय का तुम्हाला?”

वैद्यबुवा बाईंकडे गेले. त्या कागदांना टाचणी लावत होत्या.

“बाई, तुम्ही काय म्हणता?”

“माझ्या कामाला पहिला भाग पुरेसा आहे,” बाई म्हणाल्या. “दुसरा तुमचा. त्यावर मी मत देणार नाही.” टाचणी बसवून त्यांनी पुढे म्हटलं, “बुधवारचा गिअर मी लिहून ठेवला, तेव्हा मलाही तो नको होता.”

सोमवारी सकाळी वैद्यबुवांनी टेबल पुसलं, कोरा अर्ज घेतला आणि सव्वीस वर्षांतला सर्वांत लांब अहवाल लिहायला घेतला. पहिला परिच्छेद झरझर उतरला. पहिल्या तपासणीत दोष आढळला नाही, असं नोंदवलं होतं. ती नोंद चुकीची होती. स्पीकर व मायक्रोफोनच्या व्यवस्थेमुळे आत बसलेल्याला हा दोष बहुतांशी ऐकू येत नाही. बारा खेपांचा तक्ता सोबत. या मॉडेलची तपासणी फ्यूज काढून आणि काचा उघडून व्हावी. मालकाची पहिली तक्रार लाल रेघ ओलांडण्याच्या अकरा दिवस आधीची असून ती याच वर्कशॉपात नोंदलेली आहे.

दुसऱ्या परिच्छेदाला अकरा वाजले. मधल्या वेळात ते दोनदा उठून हात धुऊन आले. दोनदा लिहून खोडलं. एकदा वाक्य फार दयेचं झालं होतं, एकदा फार शूर. शेवटी राहिलं ते असं: फ्यूज काढल्यानंतर दुसऱ्या व्यक्तीला सहाही वेळा आवाज ऐकू आला, अधोस्वाक्षरीकर्त्यास एकदाच. सबब मूळ चूक केवळ यंत्रणेची नसून अंशतः तपासनिसाच्या श्रवणाची असण्याची शक्यता आहे. श्रवण तपासले जाईपर्यंत त्याच्या मागील सहा महिन्यांतील ‘आढळला नाही’ अशा अहवालांची फेरतपासणी व्हावी.

साहेबांनी वाचलं आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. “सहा महिने तुम्हीच ठरवलेत?”

“कमीत कमी म्हणून. त्यामागे किती जायचं, ते कान तपासल्यावर कळेल.”

कंपनीने नवं इंजिन मंजूर केलं. तपासणीची पद्धत बदलावी या शिफारशीबद्दल उत्तरात अवाक्षर नव्हतं. फेरतपासणीसाठी सदतीस गाड्या निघाल्या. इंजिन बसलं त्या दिवशी बाई आल्या, पण अंतिम कागदावर सही दुसऱ्याची होती. वैद्यबुवा मागच्या खोलीत चाकांचे नट ठरलेल्या ताकदीने आवळून प्रत्येकावर पिवळी रेघ ओढत होते. त्या कामाला कान लागत नाहीत. बाई तिथवर चालत गेल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “फ्यूज मी परत लावलाय. नटवलेला असला, तरी आवडतो मला.”

“लावा की,” वैद्यबुवा म्हणाले. “फक्त भिंतीजवळून जाताना काच खाली करा.”

श्रवणतपासणीची तारीख गुरुवारची होती. खोली कपाटाएवढी, चारी बाजूंनी आवाज शोषणारे राखाडी फोमचे चौकोन, समोर जाड काच. काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली तंत्रज्ञ. तिने त्यांना कानावर हेडफोन चढवायला दिले, हातात बटण दिलं, आणि सांगितलं, “काका, अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. घाई नाही.”

सुरुवातीचे आवाज जाड होते. ते सहज आले. मग ते बारीक होत गेले आणि मधल्या शांतता लांबत गेल्या. वैद्यबुवांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आवाज आला नव्हता. तंत्रज्ञ कळ दाबते तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित हलतो, तो त्यांनी पाहिला होता.

त्यांनी हेडफोन काढले आणि काचेवर बोटाने टकटक केली.

“ताई, पहिल्यापासून घ्या. मी तुमचा खांदा बघत होतो.”

ती हसली. “सगळेच बघतात हो, काका. थोडंफार आम्ही धरूनच चालतो.”

“थोडंफार किती, ते कसं कळतं तुम्हाला?” त्यांनी विचारलं, आणि तिला उत्तर सुचायच्या आत खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. बसले, हेडफोन चढवले, बटणावर अंगठा टेकवला. समोर राखाडी फोम होता आणि त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“हं,” ते म्हणाले, “आता लावा.”